गाडी रात्री कुठे उभी राहते, ते आधी सांगा

इलेक्ट्रिक गाडी घरी आणली त्याच रात्री चार्जरवर लाल लाईट लागला तो लागलाच. शोरूममधून गाडीसोबत मिळालेला चार्जर, पोर्चमधलं १५ अँपिअरचं सॉकेट, सगळं जागच्या जागी, तरी गाडी काही वीज घेईना. दोनदा काढून लावला, आतल्या सॉकेटला वायर ओढून पाहिली, तेच. सकाळी आमच्या गल्लीतले वायरमन नाना आले, टेस्टलॅम्प काढला, एक टोक फेजला आणि दुसरं अर्थिंगला लावलं तर बल्ब नुसता मिणमिणला. "सर, तुमच्या घराला अर्थिंग नाहीच असं समजा," म्हणाले. घर बांधून वीस वर्षं झाली, फ्रिज कूलर टीव्ही सगळं चालत होतं म्हणून कधी कळलंच नाही. मागच्या अंगणातला जुना खड्डा उकरला तर आमची जळगावची काळी माती, एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, आणि खाली पाइप कोरडाठाक. मग नवीन खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ थरावर थर, वरून चार बादल्या पाणी. संध्याकाळी हिरवा लाईट लागला. तेव्हापासून उन्हाळ्यात दर आठ दिवसांनी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो, चुकवत नाही.

हे आधी सांगितलं कारण लग्नात, टपरीवर, कॉलेजच्या पार्किंगमध्ये, जिथे गाडी उभी केली तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितली चालस रे भाऊ हाई गाडी?" एकदा चार्ज केली की किती किलोमीटर. प्रश्न बरोबर आहे, पण माझा दोन वर्षांचा अनुभव असा की त्याच्याआधी दोन प्रश्न विचारायला पाहिजेत. तुमची गाडी रात्री कुठे उभी राहते, आणि महिन्याला तुमचं रनिंग किती. या दोन उत्तरांवर नव्वद टक्के निर्णय होऊन जातो, बाकी रंग, स्क्रीन, सनरूफ तुम्ही नंतर बघा.

आता किलोमीटरचं सांगतो. बॅटरीचा आकडा किलोवॅट-अवरमध्ये देतात, ते ऐकून माणूस घाबरतो, पण ते म्हणजे आपलं लाईट बिलातलं युनिट, दुसरं काही नाही. हजार वॅटचा गिझर तासभर चालला की एक युनिट. माझ्या गाडीची बॅटरी ३० युनिटची आहे. टाटाच्या टियागोमध्ये १९.२ आणि २४ येतात, एमजीच्या विंडसरमध्ये ३८, टाटाच्याच मोठ्या नेक्सॉनमध्ये ४५, महिंद्राच्या मोठ्या गाड्यांमध्ये ५९ आणि ७९. गावात नीट चालवली तर एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर मिळतात, हायवेला शंभरच्या स्पीडने गेलात तर साडेपाच-सहा. म्हणजे माझी ३० युनिटची गाडी फुल चार्जवर खरोखर १७० ते २१० जाते. कंपनीच्या कागदावर याच बॅटरीला तीनशेच्या आसपास आकडा असतो, तो लॅबमध्ये ठराविक पद्धतीने टेस्ट करून काढलेला असतो, खोटा नाही पण तुमच्या रस्त्याचा नाही. बॅटरीच्या युनिटला सहाने गुणा आणि तोच आकडा धरून चाला, रस्त्यात कधी घाम फुटणार नाही.

माझं रोजचं जळगाव ते एरंडोल अपडाऊन, जाऊन येऊन साठ-पासष्ट किलोमीटर. त्याला नऊ-दहा युनिट लागतात. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवरून गाडी तासाला जास्तीत जास्त तीन-सव्वातीन युनिट घेते, म्हणजे रात्री दहाला लावली की दीड-दोनपर्यंत काम झालं. मोबाईलसारखंच, झोपताना लावायचं. पेट्रोल पंपावर मी शेवटचा कधी गेलो ते आता टायरमध्ये हवा भरायला गेल्याचंच आठवतं.

पण पैशाचा हिशोब लोक जसा सांगतात तसा नाहीये, आणि इथे मला नीट बोलायचंय कारण इथेच जास्त फसगत होते. "रुपयात एक किलोमीटर" असं सगळीकडे ऐकायला येतं. आपल्याकडे महावितरणचे दर स्लॅबने चढतात. घरगुती वापरात पहिल्या १०० युनिटला सगळं धरून साधारण सहा रुपये, १०१ ते ३०० ला अकराच्या आसपास, ३०० च्या वर गेलात की चौदा-साडेचौदा, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, तुमच्या बिलावरचे आजचे दर बघून घ्या. मुद्दा काय, की तुमचं घर आधीच दीडशे युनिट खात असेल तर गाडीचं प्रत्येक युनिट हे वरच्या, महागाच्या स्लॅबमध्ये पडतं. स्वस्तातले शंभर युनिट फ्रिज आणि पंख्यांनी कधीच संपवलेले असतात. वरून भिंतीतून घेतलेली सगळी वीज बॅटरीत पोचत नाही, दहा-पंधरा टक्के चार्ज होताना उष्णतेत जाते, त्यामुळे मीटरच्या हिशोबाने एका युनिटला सातऐवजी सहाच किलोमीटर धरायचे.

माझं महिन्याचं रनिंग १५०० किलोमीटर धरा. २५० युनिट. घराचे १५० मिळून ४००. गाडीच्या वाट्याला शुल्कासकट साधारण ३,६०० रुपये येतात, म्हणजे किलोमीटरला दोन रुपये चाळीस पैसे. याच रनिंगला १६ चा अ‍ॅव्हरेज देणाऱ्या पेट्रोल गाडीला, लिटर १०५ ला धरलं तर, ९,८५० रुपये. वाचले सव्वासहा हजार. एक रुपया किलोमीटर नाही झालं, पण महिन्याला सव्वासहा हजार म्हणजे थोडेथोडके नाहीत.

आता गाडीच्या किमतीतला फरक. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आहे, तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये १२ वरून ५ वर आणला. महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला मोटार वाहन करातून सूट आहे, पेट्रोल गाडीला तोच कर दहा लाखांपर्यंत ११ टक्के बसतो, त्यामुळे शोरूमच्या किमतीत दिसणारं अंतर ऑन-रोडला बरंच कमी होतं. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ झाला, त्यामुळे छोट्या गाड्यांमध्ये हे अंतर परत थोडं वाढलं. सारख्या मॉडेलमध्ये ऑन-रोड फरक अडीच लाख धरून चालू, तुमच्या मॉडेलला कमी-जास्त असेल, कोटेशन दोन्हीचं मागा. अडीच लाख भागिले सव्वासहा हजार, चाळीस महिने. सव्वातीन-साडेतीन वर्षांत फरक वसूल, पुढे फायदा. तेच अडीच लाख कर्जावर घेतले तर ९ टक्क्याने पाच वर्षांचा हप्ता ५,२०० च्या आत बसतो, म्हणजे वाचलेल्या पेट्रोलमधूनच हप्ता जातो.

आणि महिन्याला ५०० किलोमीटरच फिरणाऱ्याचं? पेट्रोल ३,२८० चं, वीज हजार-अकराशेची, वाचतात बावीसशे. अडीच लाख वसूल व्हायला नऊ वर्षांच्या वर. बॅटरीची वॉरंटी बहुतेक गाड्यांना आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, म्हणजे वॉरंटी संपल्यावर तुमचा फायदा सुरू होणार. अशा माणसाला मी स्पष्ट सांगतो, पैशासाठी घेऊ नका. शांत चालते, गिअर नाही, धूर नाही, म्हणून आवडली तर जरूर घ्या, पण पैसे वाचतील म्हणून नको.

शोरूममध्ये कोणी म्हणालं की कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये दीड लाखाची सूट मिळते, तर ती कलम ८०-ईईबीची सूट होती आणि ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जालाच होती. नवीन कर्जाला नाही. केंद्राची इलेक्ट्रिक वाहनांना अनुदान देणारी पीएम ई-ड्राइव्ह योजनाही खाजगी कारसाठी नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात ही दीड लाखाची सूट धरून बजेट बसवलं होतं, रिटर्न भरताना सीएने सांगितलं तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

खरा खेळ छताचा आहे भो. आपल्या खान्देशात ऊन काही कमी नाही, भुसावळचा पारा मे महिन्यात राज्यभर बातमीत येतो, मग त्याच उन्हाने गाडी का चालवू नये. पीएम सूर्य घर योजनेत तीन किलोवॅटच्या सोलरला ७८ हजार रुपये सबसिडी मिळते, एकूण खर्च पावणेदोन-दोन लाख, म्हणजे खिशातून लाख-सव्वालाख. तीन किलोवॅट सरासरी दिवसाला बारा युनिट देतं, महिन्याला साडेतीनशे, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. दिवसा तयार झालेली वीज लाईनमध्ये जाते आणि नेट मीटरवर तुमच्या वापरातून वजा होते, त्यामुळे गाडी रात्री लावली तरी चालतं. माझ्या ४०० युनिटातले साडेतीनशे छतावरून निघतात. सोलर लावल्यावर पहिल्यांदा बिल आलं तेव्हा बायकोने ते दोनदा वाचलं आणि मीटरचा फोटो काढून बहिणीला पाठवला. आठवड्यातून एकदा पहाटे पॅनल धुवायचं मात्र विसरू नका, आपल्याकडची धूळ एका आठवड्यात बोटाने नाव लिहिता येईल एवढी बसते.

घरी लावायची सोय नसेल तर सगळं गणित पालटतं. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर युनिट जीएसटीसकट अठरा ते चोवीस रुपयांना पडतं, किलोमीटरला तीन ते चार रुपये. सीएनजी गाडीही पावणेचार रुपयांच्या आसपासच जाते. मग नुसत्या बाहेरच्या चार्जिंगवर गाडी ठेवण्यात काय हशील, वरून प्रत्येक वेळी पाऊण तास तिथे थांबायचं. फ्लॅटवाल्यांनी आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल किती मीटर लागते ते मोजा, मग बुकिंग. स्वतःचं घर असणाऱ्यांनी बिलावर 'मंजूर भार' बघा, जुन्या घरांना एक-दोन किलोवॅटच असतो, गाडी एकटीच तीन खाते, तर भार वाढवून घ्यावा लागतो. सॉकेटला चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर थेट बोर्डापासून ओढा, वेगळा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच टाका. चार-पाच तास सलग पूर्ण लोड चालतो, जुनी बारीक वायर तापते आणि सॉकेट वितळतं, हे मी एका नातेवाइकाच्या घरी डोळ्याने बघितलंय, प्लगची एक पिन काळी पडून सॉकेटमध्येच चिकटली होती.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून. शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका. ते कनेक्शन शेतीसाठी दिलेलं असतं, दुसऱ्या कामाला वापरलं की वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरून बिल लावतात. आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीसाठीच्या वेगळ्या लाईनला, वीज आठ तास, तीही कधी दिवसा कधी रात्री, त्यावर गाडीचा भरवसा ठेवता येत नाही. मळ्यातल्या घराला वेगळं घरगुती मीटर असेल आणि व्होल्टेज बरं असेल तर चालतं, व्होल्टेज पडलं की चार्जिंग हळू होतं किंवा बंदच पडतं. आठ दिवस संध्याकाळी आणि रात्री व्होल्टेज मोजून बघा.

उन्हाचं सगळेच विचारतात. बॅटरीला उष्णता मानवत नाही, हे खरं. आता बऱ्याच गाड्यांमध्ये एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेटची बॅटरी येते, ती जुन्या प्रकारापेक्षा उन्हाला आणि आगीला जास्त टिकाऊ, आणि पाण्याने गार ठेवायची सोय असते. तरी ४५ डिग्रीत दुपारी दोनला कॉलेजबाहेर उभी केलेली गाडी चालू केली की पहिली दहा मिनिटं एसी आणि बॅटरीचं कूलिंग दोन्ही जोरात चालतात, मे महिन्यात माझी रेंज सरळ दहा-पंधरा टक्के कमी होते. निंबाखाली लावायची, आल्या आल्या चार्जिंगला न लावता रात्री उशिरा लावायची, फास्ट चार्जिंग भर दुपारी टाळायचं. दोन वर्षांत माझ्या रेंजमध्ये मला जाणवेल असा फरक पडलेला नाही. नवीन बॅटरी काही लाखांची असते म्हणून ही काळजी. काही नव्या मॉडेलना कंपन्या लाइफटाइम वॉरंटी देतात, त्यात बहुतेक ठिकाणी 'पहिल्या मालकाला' ही अट असते, म्हणजे सेकंडहँड घेणाऱ्याला ती लागू नाही, ते वाचून घ्या. म्हणूनच जुन्या इलेक्ट्रिक गाडीला अजून हवा तसा भाव येत नाही, दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने याचा विचार केलाच पाहिजे.

लांबच्या प्रवासाचं माझं मत सरळ आहे, होतो, पण ठरवून करावा लागतो. संभाजीनगरला गेलो होतो, जळगावहून १६० किलोमीटर. फर्दापूर सोडून अजिंठ्याचा घाट चढायला लागलो तशी टक्केवारी डोळ्यासमोर उतरायला लागली, वर पोचेपर्यंत आठ टक्के गेले. पोरगी मागून मोठ्याने आकडे वाचत होती, चोपन्न, त्रेपन्न, बावन्न. मी स्पीड ऐंशीवर ठेवला, सिल्लोडपर्यंत जीव शांत झाला. येताना तोच घाट उतरलो तर एक टक्का वाढला. उतारावर मोटरच जनरेटर होते, ब्रेक दाबण्याऐवजी पाय उचलायचा, गाडी आपोआप हळू होते आणि ती शक्ती बॅटरीत परत जाते. त्यामुळे ब्रेक पॅडही फार टिकतात. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, बेल्ट नाही, सर्व्हिसचा खर्च पेट्रोल गाडीच्या निम्म्याच्या आत येतो. टायर मात्र लवकर झिजतात, गाडी जड असते आणि पिकअप जोरात असतो. इन्शुरन्सचा थर्ड पार्टी भाग १५ टक्के स्वस्त, पण गाडीची किंमत जास्त म्हणून एकूण प्रीमियम जास्तच जातो.

नाशिक २५० किलोमीटर, धुळ्याच्या पुढे एकदा थांबावं लागतं. दहा ते ऐंशी टक्के पाऊण-एक तासात होतं, ऐंशीच्या पुढे फार हळू, म्हणून ऐंशीला काढायची आणि निघायचं. एकदा हायवेच्या एका चार्जरवर पोचलो तर अ‍ॅपमध्ये चालू, जागेवर बंद, आणि त्या अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये माझे पाचशे रुपये अडकलेले. पुढचा चार्जर बावीस किलोमीटरवर होता, माझ्याकडे चाळीसची रेंज होती म्हणून निभावलं, एसी बंद करून, काचा खाली. तेव्हापासून नियम, पुढच्या चार्जरपर्यंत नाही तर त्याच्या पुढच्यापर्यंत पोचेल एवढी रेंज ठेवूनच निघायचं. समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला इलेक्ट्रिक कारला टोल माफ आहे, आपल्या ५३ नंबरच्या हायवेला मात्र लागतो.

कोणी म्हणतं वीज तर भुसावळजवळच्या दीपनगरला कोळसा जाळूनच येते, मग फायदा काय. फायदा आहे. पेट्रोल इंजिनमध्ये जळालेल्या पेट्रोलची जेमतेम पाव हिस्सा शक्ती चाकाला जाते, बाकी गरम होऊन हवेत जाते, तर इलेक्ट्रिक मोटर मिळालेल्या विजेतली बहुतेक वापरते. आणि लाईनमधली सगळी वीज कोळशाची राहिलेली नाही, साक्रीकडे गेलात तर ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसतात, त्याच तालुक्यात शिवाजीनगरला सोलरचा प्रकल्प आहे. माझ्या आईला दमा आहे, सकाळी पोर्चमध्ये जुनी पेट्रोल गाडी चालू केली की आई आत दार लावून घ्यायची. आता लावत नाही. हा फायदा मी कुठल्याच हिशोबात धरलेला नाही.

मागच्या महिन्यात दोघांनी सल्ला विचारला. चोपड्याचे माझे साडू, घर गल्लीत, गाडी देवळापुढच्या मोकळ्या जागेत उभी राहते, महिन्याला चारशे-पाचशे किलोमीटर, वर्षातून दोनदा पुण्याला लेकीकडे. त्यांना मी नको म्हणालो, त्यांनी सीएनजी घेतली. दुसरा माझा भाचा, धुळ्याला देवपुरात स्वतःचं घर, औषध कंपनीत एमआर, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार धरून महिन्याला दोन हजाराच्या वर फिरतो आणि रोज रात्री घरी येतो. त्याला म्हटलं मामाचं ऐक, घे. त्याने भार वाढवण्याचा अर्ज केलाय, दोनाचा पाच किलोवॅट, आणि या रविवारी वायरमन येऊन आधी अर्थिंग तपासणार आहे.